मदत हवी आहे: डेन्सिटी गेज टेम्पोतून नेताना पाट्या किती, कोठे आणि केवढ्या?

आंबाघाट_साइट
नमस्कार. रस्त्याच्या थराची घनता आणि ओलावा मोजण्याचे, किरणोत्सर्गी सोर्स असलेले गेज कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून मलकापूरच्या पुढे साइटवर न्यायचे आहे. आमचा टेम्पो एका नाक्यावरून परत पाठवण्यात आला. पाट्या नियमाप्रमाणे नाहीत एवढेच कारण देण्यात आले. नियमाप्रमाणे म्हणजे कशा, हे कोणी सांगितले नाही. विक्रेता म्हणतो की पेटीवरचे लेबल पुरेसे आहे, तर आमचे सल्लागार गाडीला चारही बाजूंनी पाट्या आणि शिवाय नारिंगी फलक लावायला सांगतात. किरणोत्सर्ग अगदी कमी पातळीचा आहे. तिकडे थर पसरून रोलर उभा आहे आणि चाचणीशिवाय पुढचा थर टाकता येत नाही. कृपया पाट्यांची संख्या, जागा आणि माप एवढेच सांगावे.

किरणमापक
आपली घाई समजते, पण दिलेल्या माहितीवरून उत्तर देता येणार नाही. सोर्स कोणता आणि किती शक्तीचा आहे? पेटीवर पांढरे लेबल आहे की पिवळे, आणि पिवळे असल्यास त्यावर लाल पट्ट्या किती? पेटीच्या पृष्ठभागावर आणि १ मीटरवर सर्व्हे मीटरचे वाचन किती येते? गाडी बंद आहे की उघड्या हौद्याची? गाडीवर काय लावायचे हे पेटीवरच्या लेबलावरून ठरते आणि ते लेबल मोजणीवरून ठरते, म्हणून सुरुवात पेटीपासूनच करावी लागेल.

करवीरकर_ह्यूस्टन
मी इकडे तेलविहिरींच्या लॉगिंगमध्ये बरीच वर्षे काम करतो आणि अशी गेज रोज पिकअपमध्ये पाहतो. गाडीवर पाटी फक्त यलो-थ्री (पिवळे, तीन लाल पट्ट्यांचे) लेबल असेल तरच लागते. घनतेच्या गेजला यलो-टू असते, त्यामुळे गाडीवर काहीही लावण्याची गरज नाही. पेटी साखळीने बांधावी, कुलूप घालावे आणि निघावे. आपला विक्रेता बरोबर सांगतो आहे.

शिरोली_कास्टिंग
आमच्या फौंड्रीत कास्टिंगच्या रेडिओग्राफीसाठी इरिडिअम-१९२ चा कॅमेरा घेऊन बाहेरची एजन्सी येते. त्यांच्या गाडीला नेहमी पाट्या असतात आणि चालकाजवळ कागदांची जाड फाइल असते. माझा सल्ला असा की, आपण स्वतः या भानगडीत न पडता वाहतूक अशाच परवानाधारक एजन्सीकडे सोपवावी. पैसे थोडे जास्त जातील, पण अडवाअडवी होणार नाही.

आंबाघाट_साइट
एजन्सी नको आहे. गेज आमच्या कंपनीच्या नावावर ई-लोरावर, म्हणजे नियामक परिषदेच्या परवाना-संकेतस्थळावर, नोंदलेले आहे आणि आमच्याकडे आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) आहेत. ते सध्या रजेवर आहेत. गाडी छोटा हत्ती, उघड्या हौद्याची. गेजच्या पट्टीवर सीझिअम-१३७, ८ मिलिक्युरी आणि अमेरिशिअम-२४१ बेरिलिअम, ४० मिलिक्युरी असे कोरलेले आहे. पेटीवरचे लेबल पिवळे आहे, पण उन्हाने इतके उडाले आहे की पट्ट्या दिसत नाहीत. आतातरी पाट्या किती ते सांगा.

चवऱ्याची_वाळू
मी केरळात खनिज वाळूच्या कामात होतो. कमी पातळीच्या पदार्थाला एलएसए-वन (लो स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी) धरतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचा क्रमांक यूएन २९१२ असतो. साध्या औद्योगिक वेष्टनात माल भरून त्यावर तशी खूण केली की काम होते. तुमच्या बाबतीतही तेच लागू होईल, उगाच अवघड करू नका.

किरणमापक
चवऱ्याची वाळू यांनी सांगितलेला नियम त्यांच्या मालासाठी योग्य आहे, या गेजसाठी नाही. एलएसए हा वर्ग खनिजासारख्या पदार्थासाठी आहे, ज्याच्या प्रत्येक किलोत किरणोत्सर्ग थोडा आणि पसरलेला असतो. गेजमधला सोर्स हा पोलादी कुपीत बंद केलेला, एका ठिकाणी एकवटलेला सोर्स आहे. त्याची शक्ती कमी असली, तरी तो एलएसए ठरत नाही.

आता गेजकडे वळू. ८ मिलिक्युरी म्हणजे सुमारे ०.३ गिगाबेकरेल आणि ४० मिलिक्युरी म्हणजे १.४८ गिगाबेकरेल. लेबलावर शक्ती बेकरेलमध्येच लिहावी लागते, पट्टीवरचे मिलिक्युरीचे आकडे जसेच्या तसे उतरवून चालत नाही. अशी गेज टाइप ए वेष्टनात (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या शक्तीसाठीची मजबूत पेटी), यूएन ३३३२ या क्रमांकाखाली जातात, परंतु त्याला एक अट आहे जी बहुतेक जण विसरतात. अमेरिशिअम-२४१ स्पेशल फॉर्म (चाचण्यांत टिकलेल्या, न फुटणाऱ्या बंद कुपीतला सोर्स) नसेल, तर टाइप ए वेष्टनात त्याची मर्यादा केवळ १ गिगाबेकरेल आहे आणि आपला सोर्स तिच्या पलीकडे जातो. स्पेशल फॉर्म असेल, तर हीच मर्यादा १० टेराबेकरेल होते, म्हणजे दहा हजार पटीने मोठी. त्यामुळे सोर्सचे स्पेशल फॉर्म प्रमाणपत्र आणि त्याची मुदत आधी पाहा. ते नसेल, तर पाट्यांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ही पेटी टाइप ए म्हणून रस्त्यावर आणताच येणार नाही.

त्यानंतर मीटर घेऊन मोजणी करा. पृष्ठभागावरचे वाचन तासाला ५ मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त नसेल आणि ट्रान्सपोर्ट इंडेक्स शून्य असेल, तर पांढरे लेबल. त्याहून जास्त, ५०० मायक्रोसिव्हर्टपर्यंत आणि इंडेक्स १ पर्यंत यलो-टू. त्याच्याही वर २ मिलिसिव्हर्टपर्यंत आणि इंडेक्स १० पर्यंत यलो-थ्री. दोन्ही निकषांतून वेगवेगळी लेबले निघाली, तर वरचे लागते. इंडेक्स काढायला १ मीटर अंतरावरचे सर्वांत जास्त वाचन मिलिसिव्हर्टमध्ये घेऊन शंभराने गुणतात. पेटीच्या सर्व बाजूंनी मीटर फिरवा, केवळ समोरून नव्हे. गेजमधला सीझिअमचा सोर्स एका बाजूला असतो आणि त्या बाजूचे वाचन हमखास जास्त येते. अमेरिशिअम-बेरिलिअममधून न्यूट्रॉन निघतात, ते साध्या गॅमा मीटरला दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

करवीरकर_ह्यूस्टन
एवढे सगळे केल्यावर यलो-टूच येणार आहे आणि यलो-टूला गाडीवर पाटी नाही, हे मी पुन्हा सांगतो. रोज वापरातला नियम आहे हा.

किरणमापक
करवीरकर, आपण सांगता तो अमेरिकेचा नियम आहे आणि तेथे तो बरोबरच आहे. भारतात परमाणु ऊर्जा नियामक परिषदेची २०१६ ची सुधारित वाहतूक संहिता आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांवर बेतलेली आहे. त्या नियमांनुसार पांढरे, यलो-टू किंवा यलो-थ्री यांपैकी कोणतेही लेबल असलेली पेटी रस्त्याने नेताना गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन पाट्या लागतात. समोर लावण्याची सक्ती नाही. ह्यूस्टनचा अनुभव वाचून कोल्हापुरातून कोणी पाट्यांविना निघाला, तर त्याचा टेम्पो पुन्हा परत येईल, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

करवीरकर_ह्यूस्टन
मान्य. तिकडची संहिता मी पाहिलेली नाही. तरीही यलो-टूच्या पेटीसाठी तीन पाट्या म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना विनाकारण घाबरवणे, असे माझे मत आहे.

सीपीआर_जवळची
मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. लोक घाबरतील म्हणून पाटी न लावण्याच्या विचाराला माझा विरोध आहे. घाटात गाडी कलंडली, तर सर्वांत आधी तेथे पोहोचणारा माणूस गावातला असतो. किंवा पोलीस पाटील. त्या माणसाला दुरून, पेटीला हात लावण्याआधी, काहीतरी कळायला हवे आणि ते कळण्याचे एकमेव साधन म्हणजे ती पाटी.

मूळ प्रश्नाबाबत एक भर घालते. आमच्याकडे टेक्निशिअमच्या जनरेटरच्या पेट्या येतात आणि रिकाम्या परत जातात. परत जाताना आतबाहेर तपासून, जुनी पिवळी लेबले पूर्ण झाकून, यूएन २९०८ या क्रमांकाने त्या पाठवाव्या लागतात. जुने लेबल तसेच ठेवणे हा नियमभंग आहे, मग ते जास्त धोका दाखवणारे का असेना. तुमच्या पेटीवरचे उडालेले लेबल त्याच कारणाने काढून टाका आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना नवीन लावा. एकाच बाजूला लेबल असलेल्या पेट्या मी नेहमी पाहते. लेबलाची बाजू किमान १०० मिलिमीटर हवी. त्यावर सोर्सचे नाव, शक्ती आणि इंडेक्स शाईच्या पेनने नव्हे, तर पुसले जाणार नाही अशा मार्करने लिहा. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच.

आंबाघाट_साइट
धन्यवाद ताई. आरएसओ साहेबांशी फोनवर बोलून त्यांच्या सहायकाकडून मोजणी करून घेतली. पृष्ठभागावर सर्वांत जास्त १४० मायक्रोसिव्हर्ट, १ मीटरवर ४ मायक्रोसिव्हर्ट. न्यूट्रॉनचा आकडा विक्रेत्याच्या तक्त्यातून घेऊन त्यात मिळवला आहे. प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागवले आहे. पण एवढी शक्ती कमी असताना हे लेबल-पाट्यांतून सूट असलेल्या वेष्टनात बसत नाही का? विक्रेता आता तसे म्हणू लागला आहे.

किरणमापक
विक्रेता अर्धेच सांगतो आहे. सोर्सच्या शक्तीचा आकडा पाहिला, तर स्पेशल फॉर्म असलेले हे उपकरण सूट मिळण्याच्या मर्यादेत बसते, हे खरे. पण सूट मिळायला वेष्टनाच्या पृष्ठभागावर वाचन ५ मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त असता कामा नये ही दुसरी अट आहे आणि आपले वाचन १४० आहे. त्यामुळे तो मार्ग बंद. ०.००४ मिलिसिव्हर्ट गुणिले १०० म्हणजे इंडेक्स ०.४ आणि पृष्ठभागाचे वाचन ५०० च्या आत, म्हणून लेबल यलो-टू.

पेटीच्या बाहेर पाठवणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव, यूएन ३३३२ आणि पदार्थाचे पूर्ण अधिकृत नाव, ‘टाइप ए’ ही खूण आणि वेष्टनाचा आराखडा ज्या देशातला, त्या देशाची वाहनांवर लिहितात ती आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे लागतात. वजन ५० किलोपेक्षा जास्त असेल तर तेही.

गाडीची पाटी चौरस एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखी, किमान २५० मिलिमीटर बाजूची. वरचा अर्धा भाग पिवळा, त्यात किरणोत्सर्गाचे काळे त्रिदल चिन्ह. खालचा अर्धा पांढरा आणि तळाशी ७ हा अंक. छोट्या गाडीवर जागाच नसेल, तर १०० मिलिमीटरपर्यंत लहान पाटी चालते. मात्र छोटा हत्तीच्या फाळक्यावर मोठी पाटी सहज बसते, त्यामुळे ती सवलत घेऊ नये.

वाहननोंदणी
मी वाहन परवान्यांची कामे करतो. नाक्यावर आपला टेम्पो का अडवला असावा याचा अंदाज मला येतो. तपासणारे केवळ किरणोत्सर्गाची संहिता धरत नाहीत, ते १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम धरतात. नियम १३४ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन जागी आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. त्यावर मालाचे नाव, वर्गाचा क्रमांक, २५० मिलिमीटरचे वर्गचिन्ह, तसेच आपत्कालीन सेवा आणि पाठवणारा यांचे दूरध्वनी असावे लागतात. नुसते त्रिदल चिन्ह लावलेली गाडी तेथे अपुरी ठरते. चालकाकडे नियम ९ प्रमाणे धोकादायक मालाचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद आहे का, हेही पाहा.

किरणमापक
ही माहिती मोलाची आहे. जागा त्याच तीन असल्यामुळे एकाच मोठ्या फलकात दोन्ही गोष्टी बसवता येतात. सल्लागार म्हणतात तो यूएन क्रमांकाचा नारिंगी फलक मात्र आपली संहिता एका क्रमांकाचाच माल असलेल्या, पूर्ण गाडी त्याच मालासाठी राखून ठेवलेल्या वाहतुकीत मागते. आपली तशी वाहतूक नाही.

आंबाघाट_साइट
चालकाचे प्रशिक्षण झालेले आहे. शिवाजी उद्यमनगरातून ॲल्युमिनिअमच्या तीन पाट्या करून घेत आहोत. मागच्या वेळी विक्रेत्याने दिलेले छापील कागद फाळक्याला चिकटपट्टीने लावले होते आणि मलकापूरच्या आधीच मागचा कागद लोंबकळत होता. दोन शंका उरल्या. टेम्पोच्या हौद्यात आमचे दोन मजूर बसून जातात, ते चालेल का? आणि परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असते किंवा सिमेंट आणते, तेव्हा पाट्या राहू द्याव्यात का?

शिरोली_कास्टिंग
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या भट्टीत येणाऱ्या भंगारात असा सोर्स आला तर काय? २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात आले आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. आमच्या फाटकावर मीटर बसवण्यासाठी परवानगी लागते का?

सीपीआर_जवळची
शिरोलीकर दादा, याचा वेगळा धागा काढा, मी तेथे सविस्तर लिहीन. येथे यांची गाडी थांबली आहे.

मजुरांबाबत उत्तर स्पष्ट आहे. यलो-टू किंवा यलो-थ्री लेबलाची पेटी असलेल्या गाडीत चालक आणि त्याचे मदतनीस यांच्याखेरीज कोणीही बसू नये. मजूर वेगळ्या गाडीने पाठवा. पेटी हौद्याच्या मागच्या टोकाला, केबिनपासून जितकी लांब जाईल तितकी लांब, साखळीने जखडून ठेवा आणि गेजच्या दांड्याचे कुलूप निघण्यापूर्वी स्वतः हाताने ओढून पाहा.

किरणमापक
परतीला सोर्स गाडीत नसेल, तर पाट्या काढायलाच हव्यात. आतल्या मालाशी संबंध नसलेली पाटी ठेवण्यास मनाई आहे. सिमेंटच्या गाडीवर त्रिदल चिन्ह दिसत राहिले, तर लोक पुढे खऱ्या पाटीकडेही दुर्लक्ष करू लागतात. म्हणून पाट्या रिबिट मारून कायमच्या बसवू नका. फाळक्याला वरून सरकवता येतील अशा खाचा करून घ्या. पाठवणाऱ्याचे घोषणापत्र, आपत्कालीन कार्ड आणि चालकासाठीच्या सूचना केबिनमध्ये हाताशी असाव्यात. सूचना चालकाला वाचता येणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्या बाबतीत मराठीत द्या. इंग्रजी प्रत केवळ फाइलमध्ये राहते.

आंबाघाट_साइट
स्पेशल फॉर्मचे प्रमाणपत्र आले, मुदत शिल्लक आहे. पाट्या उद्या दुपारी मिळतील आणि आरएसओ साहेब सकाळी येऊन लेबल व कागद तपासतील. त्यांच्या सहीशिवाय गाडी काढणार नाही. खाचांचे माप वेल्डरला आत्ताच कळवतो.