री: सरांचा निरोप समारंभ, शेवटच्या गाण्याला कंडक्ट कोण करणार??

प्रेषक: सचिव (टिळकवाडी)
मंडळी, रविवारी प्रॅक्टिस सुटल्यावर तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उभं राहून जे काय भांडण झालं ते परत नको म्हणून इथं लिहायलोय. आपला कोरस बसवणारे आणि कंडक्ट करणारे सर पुण्याला चाललेत, त्यांच्या निरोपाला हॉल डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मिळालाय. आधीचे रविवार मुद्दाम सोडले, सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना बेळगावात लॉज मिळत नाही हे बाहेरून येणाऱ्यांना माहीत आहेच. शाल, श्रीफळ, मानपत्र ठरलं. फलकावर कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली, त्यावर चर्चा नको. अडलंय एकाच ठिकाणी. शेवटी ते रूपक तालातलं (सात मात्रांचं) गाणं घ्यायचं म्हणता, पण सर सत्कारमूर्ती म्हणून खुर्चीत बसले तर मधल्या थांब्यातनं आपल्याला बाहेर कोण काढणार? शुक्रवारपर्यंत सांगा.

प्रेषक: खजिनदार
सचिवांनी परदेशातल्या लोकांना परस्पर "जमेल तेवढं पाठवा" असं कळवलंय म्हणे. पैशाचं मला विचारल्याशिवाय लिहू नका ही विनंती मागेही केली होती. आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतनं दिलं तर चालतं, पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड आहे, त्यांचे पैसे कायदा परदेशीच धरतो, रुपयात दिले तरी. मंडळाच्या खात्यावर ते नकोत. त्यांनी आल्यावर खुशाल सगळ्यांना कुंदा वाटावा. कंडक्ट कोणीपण करा.

प्रेषक: तबला (खानापूर)
कंडक्टर पाहिजेच कशाला? भजनात कुणी समोर उभं राहून हात हलवतंय काय? थांबा झाला की मी एक तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेतो, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर या, विषय संपला.

प्रेषक: आल्टोतली मावशी (शहापूर)
भाऊजी, आम्ही समेवर येतच नाही की! सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) समेवर, आम्ही आल्टो (बायकांचा खालचा) चवथ्या मात्रेवर, पहिल्या टाळीला. त्यात रूपक, समेलाच खाली, टाळी नाही. तुमची तिहाई संपली की बास (पुरुषांचा खालचा आवाज) घुसणार, गणपतीत घुसलेच होते. सर काय करतात ते तुम्हाला मागनं दिसत नाही. थांब्यात उजवा हात वर तसाच धरलेला, डावा आमच्याकडं उघडा, आणि उचलायच्या आधी ते स्वतः श्वास घेतात, खांदा जरासा वर जातो बघा, तो बघून आम्ही उचलतो. तिहाईत खांदा कुठनं दिसणार? माझं मत, सरांनीच उभं राहावं, सत्कार असला म्हणून काय झालं.

प्रेषक: बास (वडगाव)
गणपतीत बास घुसले नव्हते. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला आवाज नव्हता. हे तेव्हाही सांगितलं होतं.

प्रेषक: बॉस्टनहून
मावशी, खांद्याचं एकदम बरोबर, मलापण अजून तो खांदा दिसतो. पण एक सांगू का, इकडं सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर गाणारे जे मोठे कोरस असतात त्यांच्यात रीतच वेगळी. कोरसचा डायरेक्टर महिनोन्महिने घोटून घेतो आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात सगळं ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरच्या ताब्यात देऊन टाकतो. त्या रात्री तो कुठंतरी प्रेक्षकांत, शेवटी स्टेजवर येऊन एकदा वाकला की झालं. इथल्या बॉस्टन सिंफनीचा टँगलवूड कोरस जॉन ऑलिव्हर यांनी १९७० साली उभा केला, सगळे बिनपगारी, आणि २०१५ पर्यंत त्यांनीच सांभाळला, त्यांच्या वेळी सगळे हातात कागद न घेता तोंडपाठ गायचे. शिकागो सिंफनीच्या कोरसला मार्गारेट हिलिस बाई, १९५७ ते १९९४. १९७७ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये संगीतकार मालरची आठवी सिंफनी होती, कंडक्टर सोल्टी पडले, दुखापत झाली, तेव्हा ऐनवेळी त्याच उभ्या राहिल्या आणि पेपरवाल्यांना एकदम बाई दिसल्या!

सांगायचं काय, तिकडच्या डायरेक्टरला आपला कोरस समोर बसून ऐकायला तरी मिळतो. आपल्या सरांना तो कधीच मिळालेला नाही. ते जिथं उभे असतात तिथं पुढच्या सोप्रानो आणि पेटी एवढंच येतं. बास तर त्यांच्यापर्यंत अर्धाच पोचतो. सगळं मिसळून हॉलच्या मधोमध जे येतं ते आपल्या बायका-पोरांनी ऐकलंय, सरांनी नाही. त्यांना स्टेजवरच्या खुर्चीत नका बसवू, तिथंपण मागच्या बाजूनंच ऐकू येणार. खाली मधल्या रांगेत बसवा. कंडक्ट शनिवारची प्रॅक्टिस घेते त्या ताईनं करावं.
(खजिनदारकाका, माझा पासपोर्ट भारतीयच आहे.)

प्रेषक: पेटी (अनगोळ)
पेटी ऐकू येते म्हणे! आणि परवा की-बोर्डवाला बोलवायचं कुणी काढलं होतं? पेटीवादक विजापुरे मास्तरांच्या गावात ही पाळी. बायकांना काळी चारची पट्टी पाहिजे, पुरुषांना काळी एक, कुणाचंच जमेना, तेव्हा सरांनी पेटीवर बसून पांढरी चार धरली आणि बासच्या ओळी खाली वेगळ्या बांधल्या. की-बोर्डवर बटण दाबून पट्टी बदलणाऱ्याला यातलं काय कळणार.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (रविवार पेठ)
सत्कारमूर्ती प्रेक्षकांत? आपल्यात असं कुठं असतंय? आणि ताईनं कंडक्ट केलं की पुढची डायरेक्टर तीच असं लोक धरून चालणार. कार्यकारिणीची सभा झालेली नाही. सर पुण्याला मुलाकडं चाललेत म्हणून खुर्ची लगेच भरायची घाई कुणाला आहे ते कळतंय.

प्रेषक: ताई (गोवावेस)
काका, मला खुर्ची नको, माझी शाळेची नोकरी आहे आणि घरी सासूबाई आहेत. एका गाण्यापुरतं करीन. पण थांबा सरांएवढा लांब धरणार नाही, तेवढा दम माझ्यात नाही. दोन आवर्तनं मोजणार आणि उचलणार. तबला तोवर गप्प, तिहाई नाही.

प्रेषक: आल्टोतली मावशी
दोन चालतील. डावा हात तेवढा उघडा धर बाय.

प्रेषक: तबला
तिहाई नाही तर नाही. मग उचलल्यावर पहिली मात्रा मी वाजवू की नको हेपण ताईनंच सांगावं, नंतर मला बोलू नका.

प्रेषक: सचिव
ठरलं. सत्कार आधी उरकायचा, मानपत्र थोडक्यात वाचायचं (कवितेच्या ओळी नकोत), मग सरांना हाताला धरून खाली आणायचं, आठव्या रांगेत मधली खुर्ची राखून ठेवतो. काकांचा मुद्दा सभेत घेऊ. सर पुण्याला घर बघायला जाणारेत त्या शनिवारी ताईबरोबर प्रॅक्टिस. सरांना यातलं काही सांगायचं नाही.

प्रेषक: सर
मी या लिस्टवर आहे. आठवी नको, डोक्यावर पंखा येतो आणि आल्टो ऐकू येत नाहीत. सहावी धरा. तबल्यानं पहिली मात्रा वाजवायची, हळू.

प्रेषक: खजिनदार
पंख्याचं हॉलवाल्यांशी मी बोलतो. दुसऱ्या कुणी फोन करू नये.