पाणमोट आणि अँटिऑक्सिडंट: जास्त डोस नको

पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) वेळेआधी फुटू नये म्हणून गरोदरपणात रोज १००० मिग्रॅ 'क' आणि ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) 'ई' ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं घ्या असं कुणी सुचवलं, तर ते नको. नेमक्या याच जोडीच्या काही चाचण्यांत पाणमोट वेळेआधी फुटण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. २००५च्या मेक्सिकोतल्या चाचणीत विसाव्या आठवड्यापासून रोज फक्त १०० मिग्रॅ 'क' दिलं, तेव्हा ते घटलं.

पाणमोटेची ताकद कोलॅजन या प्रथिनाच्या तीनपदरी पिळात असते. 'क' कमी पडलं की पीळ सैल बसतो. धूम्रपान, जंतुसंसर्ग यांनी कोलॅजन कातरणारी एन्झाइम्स वाढतात. तिथे गोळी काय करणार? आधी सिगारेट बंद, वास येणाऱ्या स्रावावर उपचार.

पाणी झिरपतंय वाटलं तर कोरडं पॅड लावा, वेळ आणि रंग टिपा, लगेच दवाखाना गाठा. हिरवट रंग असेल तर पॅडचीही वाट पाहू नका.