गावात दाढ उपटून मिळते, वाचवून नाही

बोरकाठ
मागच्या महिन्यात गावी गेलो, बीड जिल्ह्यात, तर काकूचा गाल भोपळ्यासारखा. आधी लवंग झाली, मग दाढेत तंबाखूची चिमूट धरून झाली. शेजारच्या आजीने रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी दिली आणि "कीड पडली बघ" म्हणून जाहीरही केलं. चौथ्या दिवशी तिला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. दातांची खुर्ची आहे, डॉक्टरीणबाई आहेत, स्वभावाने चांगल्या. पण कॉम्प्रेसर बंद. म्हणजे ड्रिल बंद, म्हणजे भरणं बंद. "काढायची असेल तर गोळ्यांनी सूज उतरली की काढते, पैसे नाहीत. वाचवायची तर बाहेर बघा." बाहेर रूट कॅनॉल साडेतीन हजार, कॅपचे वेगळे. काकूचा खुरपणीचा रोज तीनशे.

काढली. त्या बाजूची ही तिसरी. भाकरी आता कालवणात कुस्करून खाते. वय ४६.

तोंडाचा कॅन्सर झाला तर सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो, किडलेली दाढ बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलंच झालं. पण जो उपचार तिथे होतच नाही तो मोफत असून काय उपयोग? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात भरणं आणि रूट कॅनॉल झालंच पाहिजे, असं माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

दातखीळ
तालुक्याच्या गावी चौदा वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय. राग समजतो, मागणी पटत नाही.

रूट कॅनॉल म्हणजे दोन-तीन खेपा. पहिल्या खेपेला नस काढली की ठणका थांबतो आणि पेशंट गायब. चूक त्याची नाही. प्रत्येक खेपेला रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. सहा महिन्यांनी तीच दाढ फुटून परत येते, तेव्हा काढण्याशिवाय इलाज नसतो. हे फुकट केलं तरी रोज बुडायचा तो बुडणारच. तुमच्या काकूंची दाढ काढली हे मला कमीपणाचं वाटत नाही. स्टँडजवळ बसणारा कोणी ॲक्रिलिक ओतून शेजारच्या दोन चांगल्या दातांना कवळी चिकटवून देतो, ते बघाल तर त्या डॉक्टरीणबाईंना हात जोडाल.

मोजूनमापून
मूळ दुखण्यावर कोणी बोलणार नाही का? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू घेणारे निघाले. गुटखाबंदी २०१२ सालची, पुड्या आजही टपरीवर लटकतात. आधी मशेरी सोडा, मग सरकारकडे कॅप मागा. कर भरणाऱ्याने किती भरायचं?

(आणि दाढ काढली की डोळे जातात असं मानणाऱ्यांना रूट कॅनॉल फुकट दिलं तरी ते खुर्चीत बसतील का, हा प्रश्न आहेच.)

बोरकाठ
काकूने आयुष्यात मशेरी लावलेली नाही. ते दाढेतल्या चिमटीचं वाचून बोलला असाल, तर ती औषध म्हणून धरली होती, कारण दुसरं औषध एसटीने दीड तासावर होतं.

ओढ्यापलीकडे
मोजूनमापून, मशेरी कशी सुरू होते ते सांगते, मग बोला. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, अर्धी गल्ली दिवाळीनंतर ऊसतोडीला, कोयत्यावर जाते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास पहाटे चारला येतो. दात दुखतो म्हणून बोटभर लावली, हिरडी बधिर झाली, बरं वाटलं. मग ती सुटत नाही. पुढे त्याच बाईच्या तोंडात पांढरे चट्टे दिसतात. दातांचा डॉक्टर जवळ असता तर ते पहिलं बोट लागलंच नसतं, असं मला वाटतं.

आणि डॉक्टर, तुम्ही काढण्याला हलकं मानत नाही, ठीक. पण चौथीतल्या पोराचं काय? शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणीचं पथक येतं, कार्डावर लिहितं ‘दात किडलेले’. पुढच्या वर्षी त्याच पोराच्या कार्डावर तेच. एकाने मला विचारलं, "बाई, ह्यो माझा रिमार्क हाय का?"

दातखीळ
ताई, इथे मी तुमच्या बाजूने. माझा विरोध रूट कॅनॉलला आहे, भरण्याला नाही. मुलांच्या लहान किडीला ड्रिल लागतच नाही. हाताच्या हत्याराने मऊ भाग खरवडायचा आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं. वीज नको, खुर्ची नको, बाकावर झोपवूनही होतं. ही पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या जागी बसवली गेली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. बंद कॉम्प्रेसर हे न भरण्याचं कारण होऊ शकत नाही, निदान पोरांच्या बाबतीत. पैसा असेल तर तिथे घाला. चाळिशीतल्या दाढांवर घालाल तर पिढ्यानपिढ्या घालत बसाल.

बोरकाठ
म्हणजे काकूची पिढी सोडून द्यायची. सरळ म्हणा की.

दातखीळ
सोडायची नाही. काढलेल्या दातांच्या जागी कवळी फुकट द्या, रूट कॅनॉलपेक्षा आधी. तुमच्या काकूंना आज चावायला काय हवंय, विचारलंत का?

मोजूनमापून
तंबाखूचं मला पूर्ण मान्य नाही, पण पोरांचं पटलं. यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात मात्र फ्लोराइडची पेस्ट वाटण्याआधी पाणी तपासा. तिथल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनेच दात तपकिरी होतात.

ओढ्यापलीकडे
डॉक्टर, आमच्या शाळेत ६२ पोरं आहेत. किती दिवस लागतील?

दातखीळ
किडलेली निम्मी धरली तर तीन रविवार. पालकांच्या सह्या घेऊन ठेवा. पोरं जेवून आलेली असू देत, उपाशीपोटी चक्कर येते. सिमेंट मी आणतो.

बोरकाठ
या, जरूर या. पण ६३ वं पोर शेजारच्या गावात आहे, आणि तिथल्या बाई इथे लिहीत नाहीत.