एसएसडी खरंच लवकर संपते का?
एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) डेटा लिहून लिहून लवकर संपते म्हणून घरच्या पीसीला हार्ड डिस्कच बरी, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. काही ५०० जीबीच्या ड्राइव्हना ३०० टीबी (म्हणजे ३ लाख जीबी) डेटा लिहिण्यापर्यंत वॉरंटी असते, घरी रोज २० जीबी लिहिलं तरी तेवढं व्हायला ४० वर्षं लागतील!

खरा धोका वेगळाच आहे. हार्ड डिस्क जायच्या आधी बऱ्याचदा खडखड करते, एसएसडी मात्र काहीच न कळवता अचानक बंद पडू शकते, आणि ट्रिम (डिलीट केलेल्या डेटाची जागा एसएसडीला आपोआप साफ करू देणारी सोय) चालू असलं की डिलीट झालेले फोटो परत मिळणं जवळपास अशक्य. म्हणून विंडोज आणि सॉफ्टवेअर बिनधास्त एसएसडीवर टाका, जुना लॅपटॉपसुद्धा पळायला लागतो, पण लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो यांची एक कॉपी साध्या हार्ड डिस्कवर हवीच, आणि बॅकअपची एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवू नका प्लीज, पॉवर नसली की डेटा हळूहळू उडू शकतो.