अंगावरून जाणं, खाज, जळजळ : तुमचं काय झालं होतं?

परवाच्या भिशीत विषय निघाला. पाचजणींनी मेडिकलवाल्याने दिलेली एकच ट्यूब वापरली होती, दुखणी मात्र वेगवेगळी. कशानं झालं, कशानं गेलं, लिहा. नाव नको असेल तर राहू द्या.

माझ्यापासून सुरुवात. सायनससाठी अँटिबायोटिक घेतलं आणि आठवड्यात दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं सुरू. वास नाही, पण खाज! स्वारगेट ते कात्रज पाय आवळून बसले होते. कँडिडा, म्हणजे बुरशी. अँटिबायोटिकने आतले चांगले जिवाणूही मरतात, मग बुरशीला रान मोकळं. डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल १५० ची एकच गोळी दिली.

कोथरूडहून : माझं उलट. खाज नाहीच, पातळ करडं पाणी आणि मासळीसारखा वास, संबंधांनंतर जास्तच. मी शहाणी सुगंधी वॉशने दिवसातून दोनदा आतून धुवायचे. डॉक्टरांनी पट्टी लावून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, बघितला (आकडा कमी तितकं जास्त आंबट), ४.५ च्या वर. तो ३.८ ते ४.५ असावा लागतो. तो आंबटपणाच जंतूंना रोखतो आणि मी तोच धुऊन काढत होते. बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं, म्हणजे आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला. मेट्रोनिडॅझोल सात दिवस, तोंडाला सतत लोखंडाची चव.

नाव नको : हिरवट-पिवळं, फेसाळ. ट्रायकोमोनास, म्हणजे एक बारीक परजीवी. हा संबंधांतून पसरतो, त्यामुळे गोळ्या दोघांनाही. ह्यांना त्रास काहीच नव्हता, म्हणून ‘मला कशाला?’ मला परत झालं तेव्हा घेतल्या.

हडपसर : वर्षात चार वेळा बुरशी. पाचव्यांदा नवीन डॉक्टरांनी आधी शुगर तपासली. मधुमेह निघाला.

सदाशिव पेठ, वय ५८ : पाळी जाऊन सात वर्षं झाली. कोरडेपणा, जळजळ, लघवीलाही आग. सून म्हणाली इन्फेक्शन. तपासणीत जंतू नाहीत. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं म्हणे. इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलंय. या वयात हे कुठं लावत बसू, म्हणून तीन आठवडे ट्यूब देवघराच्या खणात पडून आहे.

कोथरूडहून : काकू, आज रात्रीच लावा हो. माझ्या आईला महिन्याभरात फरक पडला.

सदाशिव पेठ, वय ५८ : खणातून काढली. कापराचा वास लागलाय खोक्याला.