थॅडियस स्टीव्हन्स आणि चॅरिटी बटलर : एका खटल्यावरून वकिलाला कायमचं बाद करायचं का? (शीर्षक बदललंय)

इतिहासवेडी :
अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आपल्याला एकच नाव पाठ असतं, लिंकन. मला मात्र गेले काही महिने थॅडियस स्टीव्हन्सनं झपाटलंय. १७९२ चा जन्म, व्हरमाँटमधलं डॅनव्हिल, एक पाय जन्मतःच वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईनं राबून शिकवलेलं पोर. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली, मग लँकेस्टरला, आणि तिथून वॉशिंग्टनला काँग्रेसमधे. यादवी युद्धात (गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध बाकीचा देश) पैशाच्या नाड्या ज्या समितीच्या हातात होत्या तिचा हा अध्यक्ष, आणि युद्धानंतर काळ्या लोकांना कायद्यानं बरोबरीचे नागरिक करणारी १४ वी घटनादुरुस्ती रेटणाऱ्यांत हा सगळ्यात पुढे. आपल्या घटनेच्या कलम १४ मधे कायद्याचं समान संरक्षण म्हटलंय ना, ते शब्द त्याच दुरुस्तीतून आलेत.

पण याच माणसानं १८२१ मधे एका मालकाचं वकीलपत्र घेऊन चॅरिटी बटलर नावाच्या बाईला तिच्या लेकरांसकट परत गुलामीत धाडलं. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा की बाहेरच्या मालकानं गुलामाला राज्यात सहा महिने ठेवलं की तो मोकळा. चॅरिटी मेरीलँडची, ज्या घरी तिला कामाला दिलेलं तिथली मालकीण तिला अधूनमधून पेनसिल्व्हेनियात घेऊन जायची, सगळे मुक्काम जोडले तर सहा महिन्यांच्या वर भरत होते. स्टीव्हन्स म्हणाला जोडायचे नाहीत, सहा महिने सलग पाहिजेत. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ते मानलं.

माझं मत असं की डाग मोठा आहे, पण पुढच्या ४७ वर्षांत त्यानं तो फेडला. तुमचं काय?

तालुका कोर्ट :
डाग कसला आलाय? वकीलपत्र घेतलं की अशिलाची बाजू जीव ओतून मांडायची, नाहीतर घ्यायचंच नाही. आणि मुद्दा कायद्यात बसणारा होता. सलग हा शब्द आमच्या रोजच्या कामातला आहे, दुसऱ्याच्या जमिनीवर कब्जानं हक्क सांगायचा तर १२ वर्षं सलग दाखवावी लागतात, मधे खंड पडला की दावा गेला. उद्या मी खुनाच्या आरोपीचं काम घेतलं तर मीही खुनी का? कोर्टानं निकाल दिला तो कोर्टाचा, तो वकिलाच्या डोक्यावर का मारता?

चाफा :
वकीलसाहेब, जमिनीचा कब्जा आणि जित्या बाईचा जन्म एका तागडीत घालू नका. खुनाच्या आरोपीला वकील मिळालाच पाहिजे कारण त्याचा जीव टांगणीला असतो. इथे जीव टांगणीला कुणाचा होता? मालकाचा नव्हता ना? मालक हरला असता तर त्याचे पैसे गेले असते, बाई हरली तर सगळंच गेलं, आणि ते वकिलाला कळत नव्हतं असं म्हणायचंय का, स्वतः गरिबीतून वर आलेल्या माणसाला?

आणि ताई, फेडला म्हणता तुम्ही, पण कुणाला फेडला? कर्ज ज्याचं त्यालाच फेडतात. नंतर हजार लोकांचं भलं केलं म्हणून चॅरिटीच्या नावावरची रक्कम कमी होत नाही. मला त्याचं नंतरचं काम मान्य आहे, पण फेडला हा शब्द मला मान्य नाही.

न्यू जर्सीकर :
मी लँकेस्टरला जाऊन आलोय म्हणून लिहितो. फिलाडेल्फियाहून ट्रेननं गेलो, चेस्टनट आणि मलबेरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर श्राइनर्स म्हणून छोटंसं कब्रस्तान आहे, आजूबाजूला साधी वस्ती, एवढ्या मोठ्या पुढाऱ्याची कबर इथे असेल असं कुणाला वाटणारही नाही. दगडावरचा मजकूर त्यानं स्वतः लिहून ठेवलेला. मथितार्थ असा की मला एकांताची आवड आहे म्हणून मी इथे नाही, बाकीच्या कब्रस्तानांच्या नियमांत वंशाची अट आहे म्हणून मी ही जागा निवडली, जन्मभर जे तत्त्व मांडलं ते मरणातही दिसावं. मी तिथे उभा राहून दोनदा वाचलं, एकदा स्वतःशी आणि एकदा बायकोला मोठ्यानं मराठीत सांगून, आणि माझा आवाज बसला.

चाफाताई, तुमचं म्हणणं पटतंय, पण १८२१ चा तरुण वकील आणि तो दगड यांच्यामधे जे घडलं तेही बघा ना. त्या खटल्यानंतर पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनं तो कितीतरी वेळा उभा राहिला. १८३८ ला पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेत मतदान फक्त गोऱ्यांना ठेवलं म्हणून त्यानं त्या घटनेवर सही केली नाही. १८५१ मधे लँकेस्टरजवळ ख्रिस्तियाना गावात गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा मालक मारला गेला, ३८ जणांवर चक्क देशद्रोहाचा आरोप ठेवला, तेव्हा बचावाच्या वकिलांत हा होता आणि ज्याच्यावर पहिला खटला चालला तो कॅस्टनर हॅनवे सुटला. १८६३ ला दक्षिणेच्या सैन्यानं त्याचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळून टाकला, माणूस ओळखूनच जाळला. नुसतं तोंडानं बोलणाऱ्याचं कुणी असं जाळत नाही.

तालुका कोर्ट :
कबरीचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण मग खरा दोष बघायचा तर स्टीव्हन्सनं पुढे होऊन रेटलेला १८६८ चा महाभियोग, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढायचा खटला बघा, त्यावर कुणी बोलत नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं स्वतःच्या मंत्र्याला, स्टँटनला, काढलं. ते काढता येऊ नये म्हणून वर्षभर आधी काँग्रेसनं कायदा करून ठेवलेला, म्हणजे आधी खड्डा खणायचा आणि मग पडला म्हणून शिक्षा करायची. सिनेटमधे ३५ विरुद्ध १९, एका मतानं दोन तृतीयांश हुकले, आणि पुढे १९२६ मधे त्यांच्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो कायदाच घटनेत बसत नव्हता. हेतू कितीही चांगला असो, हातात बहुमत आहे म्हणून कायदा वाकवणारा वकील मला चालत नाही. आज तुमच्या आवडीच्या कामासाठी वाकवला, उद्या दुसरा येऊन त्याच्या कामासाठी वाकवेल.

इतिहासवेडी :
महाभियोगाचं कारण कायद्यानं कच्चं होतं, हे मी मानते. पण जॉन्सन तोवर काय करत होता तेही सांगा की. बंडखोर जमीनदारांना भराभर माफ्या दिल्या, मोकळ्या झालेल्या लोकांना कसायला दिलेल्या जमिनी काढून जुन्या मालकांना परत दिल्या, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी असे कायदे केले की कामाचा करार दाखवता आला नाही तर काळ्या माणसाला उनाड ठरवून पकडायचं आणि मजुरीला जुंपायचं. नाव बदललं, बेडी तीच. १८६८ मधे स्टीव्हन्स इतका आजारी होता की त्याला खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणायचे, आणि त्याच ऑगस्टमधे तो गेला. अशा माणसाला सूड घ्यायला वेळ नसतो हो, त्याला काम अर्धं राहील याची धास्ती असते.

आणि तो हट्टी होता म्हणतात तेही पूर्ण खरं नाही. १४ व्या दुरुस्तीत मतदानाचा हक्क सरळ मिळाला नाही, त्याला ते खुपत होतं, तरी त्यानं मत दिलं आणि कारण सांगितलं की मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो.

बांधावरचा :
मी उशिरा आलो. तुम्ही सगळे कोर्टाचं बोलताय, जमिनीचं कुणीच बोलत नाही. सप्टेंबर १८६५ मधे लँकेस्टरला त्यानं भाषण केलं की दक्षिणेतल्या साधारण ७० हजार बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला ४० एकर द्या. २०० एकरांच्या आतल्याला हात लावायचा नव्हता, म्हणजे लहान गोरा शेतकरी वाचत होता. त्याच्याच पक्षानं ऐकलं नाही, मालमत्तेला हात लावायला सगळे घाबरले. मग झालं काय, मत मिळालं पण रान मालकाचंच, बी मालकाचं, उधारी मालकाच्या दुकानात, अर्धं पीक त्याला. माझ्या आजोबांच्या नावावर कूळकायद्यात साडेतीन एकर लागली, त्या सातबाऱ्यानं आमच्या घरात काय बदललं ते मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याआधी आजोबा मालकाच्या ओट्यावर बसत नसत.

म्हणून मला वाटतं त्याचा हिशोब १८२१ वर नको आणि महाभियोगावरही नको. तो जिथे बरोबर होता आणि हरला, तिथे करा. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि हा त्यातलाच एक. १८३५ मधे राज्याच्या फुकट शाळांचा कायदा रद्द व्हायच्या बेतात होता तेव्हा भाषण करून तो यानंच वाचवला. शाळा आणि जमीन, दोन्ही त्याला कळत होतं.

चाफा :
बांधावरचे दादा, जमिनीचं तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं, वाचून थांबले. न्यू जर्सीकरांनी सांगितलेला दगडही डोळ्यासमोरून जात नाही. माझं मत तरी तेच राहणार, त्या एका बाईचं देणं बाकी आहे. ताई, एवढं करा, शीर्षकात नुसतं त्याचं नाव आहे, तिचंही घाला.

इतिहासवेडी :
घातलं. आणि फेडला हा शब्द मी मागे घेते.