एमआरआय नॉर्मल, मग डोक्यातला दाब वाढला कशाने?

प्रश्न
बहीण २७ वर्षांची. डोकं सतत ठणकतं, वाकून उठली की क्षणभर डोळ्यांपुढे काळोख, रात्री कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं. डोळ्यामागची नस सुजलीय म्हणाले. एमआरआयमध्ये गाठ नाही, व्हेनोग्राममध्ये (मेंदूतल्या शिरांच्या चित्रात) गुठळी नाही. कमरेतून पाणी काढलं तेव्हा दाब ३४ सेंटिमीटर. निदान 'इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन', म्हणजे कारण न सापडता डोक्यात वाढलेला दाब. कारणच सापडत नाही, तर उपचार कशावर करणार?

उत्तर १
मलाही हेच आहे, म्हणून लिहिते. मेंदूभोवतीचं पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि एका वेळी असतं फक्त दीडशे मिलीच्या आसपास. म्हणजे ते सतत रक्तात शोषलं जायला हवं. ते का तुंबतं, हे अजून पक्कं उलगडलेलं नाही. वजन जास्त असलेल्या तरुण बायकांमध्ये जास्त दिसतं. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटरपासून पुढे दाब वाढलेला धरतात.

हे पाणी डोळ्याच्या नसेच्या आवरणातही असतं, म्हणून खरा धोका नजरेला. डोकेदुखी कमी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. फळ्यावरची अक्षरं मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होती. पेरिमेट्रीत, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्या तपासणीत, मात्र हनुवटी टेकवून, एका डोळ्यावर पट्टी बांधून, ठिपका चमकला की बटण दाबत बसले, आणि छापील कागदावर नाकाकडचा कोपरा काळा आला. ही तपासणी ठरल्या तारखांना कराच.

अ‍ॅसिटाझोलामाइडने पाणी कमी तयार होतं. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची पेयं बेचव लागतात. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाही उपचारच आहे, पण बहिणीला त्यावरून टोचून बोलू नका.

उत्तर २
औषधं तपासलीत का? डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस, अचानक थांबवलेली स्टिरॉइड्स, यांनीही दाब वाढतो.

प्रश्नकर्ता
मुरुमांसाठी मिनोसायक्लिन चालू आहे! केसपेपरवर कुठेच नोंद नाही.

उत्तर १
मग आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, गोळीचं पाकीट दाखवा. ती थांबवून भागेल की आणखी काही लागेल, ते तेच ठरवतील. आणि नजर झपाट्याने कमी होतेय असं वाटलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या. तेव्हा शंट (पाणी वाहून नेणारी नळी) बसवून किंवा डोळ्याच्या नसेच्या आवरणाला छेद देऊन दाब उतरवतात, आणि तिथे उशीर चालत नाही.